तयार स्केटबोर्ड घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा : एका फिटरचं मत

पहिलाच बोर्ड असेल तर तयार घ्या. दुसरा असेल तर पहिल्याचं नेमकं काय झिजलं ते आधी उलटा करून बघा, मग ठरवा. एवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण ‘तयार’ या नावाखाली दुकानात दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि सुटे भाग घ्यायचे तर मापं एकमेकांशी जुळवावी लागतात. त्यासाठी हे सगळं लिहितोय.

मी चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर आहे. बोर्ड चालवते माझी लेक. मी फक्त पाना चालवतो. सोसायटीतल्या आणि तिच्या क्लासमधल्या पोरांचे बोर्ड दुरुस्तीला आमच्या गॅलरीत येतात, त्यामुळे काय मोडतं, काय टिकतं आणि कशावर पैसे वाया जातात हे डोळ्यांसमोर असतं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्ट्रीट (रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या-कठड्यांवर खेळायच्या) प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. तेव्हापासून आमच्याकडे ‘काका, कुठला घेऊ?’ हा प्रश्न वाढला आहे.

खेळणं आणि बोर्ड यांतला फरक

मागे शेजारच्या एका ताईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. ‘भाऊ, दिसायला तर तसाच आहे, आणि तिसऱ्या हिश्शात मिळतोय.’ मी म्हटलं, ताई, वरचं चित्र राहू द्या, खालचा फोटो मागवा.

सगळी गोष्ट खालीच असते. ज्याला चाकं लागतात त्या धातूच्या भागाला ट्रक म्हणतात. आपण उभं राहतो ती लाकडी फळी म्हणजे पाटी. तिला बोल्टने बसते ती ट्रकची बेसप्लेट, चाकांचा दांडा म्हणजे अॅक्सल धरतो तो हँगर, दोघांना जोडणारा जाड बोल्ट म्हणजे किंगपिन, आणि किंगपिनवर दोन रबरी दिसणारे बुश. बोर्डवर एका बाजूला वजन टाकलं की बुश दबतात, हँगर तिरका होतो आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. खेळण्यातल्या बोर्डात बेसप्लेट प्लॅस्टिकची, बुश कडक प्लॅस्टिकचे, किंगपिन जाम. पोरगं कितीही कललं तरी तो सरळच जातो, म्हणून ते पडतं, आणि घरचे म्हणतात, ‘याला जमत नाही.’

दुकानात हातात घेऊन पाहायच्या गोष्टी सांगतो. बेसप्लेट आणि हँगर दोन्ही अॅल्युमिनियमचे ओतीव हवेत. अॅक्सल स्टीलचा आरपार हवा. बोर्ड जमिनीवर ठेवून त्यावर उभं राहायचं, टाचेवर आणि मग चवड्यावर वजन द्यायचं. ट्रक त्या त्या बाजूला कलला पाहिजे. चाक बोटाने फिरवा आणि समोरून पाहा. ते डुगडुगत असेल तर भोक केंद्रात नाही. पाटीच्या कडेला सात थर मोजता आले पाहिजेत. चांगल्या पाटीत मेपलचे सात पातळ थर असतात, त्यातले बहुतेक उभ्या शिरांचे आणि एखाद-दोन आडव्या शिरांचे, म्हणून ती उडी सहन करते पण उभी चिरत नाही. पाटी मधून किंचित खोलगट असते. सपाट प्लायवुडचा तुकडा असेल तर तो बोर्ड नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण तिला फक्त मेजरटेप लागतो. पाटीवर प्रत्येक ट्रकला चार बोल्ट असतात. आडव्या दोन बोल्टमधलं अंतर ४१ मिमी आणि उभ्या दोघांमधलं ५४ मिमी भरलं पाहिजे. जुन्या पद्धतीच्या काही बोर्डांत उभं अंतर साडेत्रेसष्ट असतं, तेही चालतं. ही मापं जुळली तर उद्या कुठल्याही कंपनीचा ट्रक किंवा पाटी यावर बसणार. जुळली नाहीत, किंवा बोल्टऐवजी रिव्हेट मारले असतील, तर एक भाग गेला की सगळंच टाकून द्यावं लागेल. तयार बोर्ड घेताना मी किमतीच्या आधी हे बघतो.

अशा कसोट्यांना उतरणारे तयार बोर्ड डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात मिळतात. तिथे प्रत्यक्ष त्यावर उभं राहून बघता येतं हा मोठाच फायदा. स्केटबोर्डच्याच कंपन्यांचे तयार बोर्ड ऑनलाइन मिळतात, थोडे महाग, पण पाटी चांगली असते.

मग जोडून घेण्यात फायदा काय

पैशाचा फायदा नाही, हे आधी सांगून टाकतो. तयार बोर्डातले ट्रक, चाकं, बेअरिंग कंपनी घाऊक भावाने घेते. तेच तुम्ही एकेक करून नामांकित कंपन्यांचे आणलेत तर बिल दीडपट-दुप्पट सहज होतं. शिवाय बहुतेक चांगला माल परदेशातून येतो. पाट्यांचं कडक मेपल मुळात उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या भागातलं, त्याचा खर्च किमतीत असतोच.

फायदा मापाचा असतो. तयार बोर्ड सरासरी माणसासाठी केलेला असतो. तुमचं वजन, पायाचा आकार, कुठे चालवणार ती जागा, यांतलं काही सरासरीपेक्षा वेगळं असेल तर सुट्या भागांत अर्थ आहे. पण नवशिक्याला आपल्याला काय हवंय हेच माहीत नसतं. आठ इंची पाटी पायाला अरुंद वाटते की रुंद, वळताना बोर्ड फार सैल वाटतो की कडक, हे दोन-तीन महिने चालवल्यावरच कळतं. त्याआधी भागांची निवड करणं म्हणजे दुसऱ्याच्या आवडीवर पैसे घालणं. यूट्यूबवरचा पोरगा कॅलिफोर्नियातल्या गुळगुळीत काँक्रीटवर खेळतो. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक.

म्हणून मी पोरांना मधला रस्ता सांगतो: तयार घ्या, आणि जे झिजेल ते आपल्या मापाचं घालत जा. सगळ्यात आधी पाटी जाते. शेपटीकडचं टोक जमिनीवर आपटून आपटून घासतं, धारदार होतं, मग एक दिवस तडकतं. चाकं त्यानंतर. बेअरिंग किती टिकतील ते पाऊस ठरवतो. चांगले ट्रक वर्षानुवर्षं जातात. दोन पाट्या झाल्या की बोर्डावर मूळचं फारसं काही उरत नाही आणि तुम्ही न ठरवता स्वतःचा बोर्ड जोडलेला असतो. तेव्हा कुठला भाग का निवडला याचं उत्तरही तुमच्याकडे असतं.

याला अपवाद आहेत. वजन नव्वद किलोच्या पुढचं असेल, किंवा बोर्ड खेळायला नको तर मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंत जायला हवा असेल, तर पहिल्यापासून सुटे भाग बघायला हरकत नाही. आणि प्रशिक्षकाने लिहून दिलेली यादी हातात असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका.

मापं

पाटीची रुंदी इंचात सांगतात. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या पोराला ७.२५ ते ७.५, बारा-तेराच्या पुढे ७.७५ ते ८, मोठ्या माणसाला ८ ते ८.५. लांबी साधारण ३१-३२ इंच असते, तिच्याकडे फार लक्ष देऊ नका. पाय मोठा असेल तर रुंद घ्या.

ट्रकची रुंदी पाटीशी जुळवायची. अॅक्सलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं माप पाटीच्या रुंदीइतकं, फार तर पाव इंच इकडेतिकडे. गोंधळ असा होतो की कंपन्या ट्रकवर हे माप लिहीत नाहीत, आपापले क्रमांक टाकतात. इंडिपेंडंटच्या ट्रकवर १३९ लिहिलेलं असेल तर तो ८ इंची पाटीचा, १४४ म्हणजे ८.२५ चा, १४९ म्हणजे ८.५ चा. दुसऱ्या कंपनीचे क्रमांक वेगळे. त्यामुळे क्रमांकावर न जाता अॅक्सलचं माप विचारा.

चाकाला दोन आकडे असतात. पहिला व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा कडकपणा, ज्याच्यापुढे ए लिहितात. सिमेंटच्या गुळगुळीत पार्कमध्ये ५२ ते ५४ मिमी आणि ९९ए च्या आसपासचं कडक चाक चांगलं, ते सरकतं आणि उड्यांना हलकं पडतं. तेच चाक पेव्हर ब्लॉकवर घेऊन या, दात वाजतील, आणि एखादा खडा आडवा आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो, माणूस पुढे जातो. रस्त्यासाठी ५६ ते ६० मिमी आणि ७८ए ते ८०ए चं मऊ चाक घ्या. दोन्हीकडे चालेल असं चाक शोधत बसू नका. मधलं घेतलं तर दोन्हीकडे कुरकुर होते. पोरगं जिथे जास्त वेळ खेळतं त्या जागेचं चाक घ्या.

बुश हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. तयार बोर्डातले बुश बहुतेक वेळा मोठ्या माणसाच्या वजनाचे असतात. पंचवीस-तीस किलोच्या पोराला ते दबतच नाहीत. अशा वेळी पूर्ण बोर्ड बदलायचं काही कारण नाही, ८५ए च्या आसपासची मऊ बुशची जोडी घाला. तोच बोर्ड वळायला लागतो. नवा ट्रक मागायला आलेल्या किती पोरांना मी नुसते बुश बदलून परत पाठवलंय.

बेअरिंग, म्हणजे माझा विषय

इथे जरा वेळ घेतो, कारण सगळ्यात जास्त खोटी जाहिरात इथे चालते.

स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे साधं ६०८. आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. लहान मोटरी आणि हातातली यंत्रं यांत हेच असतं. काही वर्षांपूर्वी पोरं बोटावर ती भिंगरी फिरवत बसायची, तिच्यातही बहुधा हेच होतं. एका बोर्डाला आठ लागतात. पुण्या-मुंबईत कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, ‘६०८ द्या’ म्हटलं की मिळतं. ‘झेड झेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘टू आरएस’ म्हणजे रबरी सील.

जाहिरातीत ‘एबेक ९’ वगैरे मोठ्या अक्षरांत छापतात. एबेक ही बेअरिंगच्या मापातल्या अचूकतेची श्रेणी आहे, आणि ती उपयोगी पडते प्रचंड वेगाने फिरणाऱ्या यंत्रात. हिशेब करून बघा. ५४ मिमी चाक ताशी १५ किलोमीटरने पळतंय तर मिनिटाला साधारण दीड हजार फेरे होतात. ६०८ बेअरिंग वीस हजारांच्या वरचे फेरे झेलायला बनवलेलं असतं. म्हणजे एबेक ५ आणि एबेक ९ मधला फरक बोर्डवर कुणाला जाणवणार नाही. बेअरिंगला मारतात ती उडीनंतरची आपट, धूळ आणि पाणी. त्यामुळे एबेकचा आकडा बघून जास्त पैसे देऊ नका. सील काढून साफ करता येतं का ते बघा.

बाजारातल्या साध्या ६०८ मध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असतं. हाताने चाक फिरवलं तर ते लवकर थांबतं म्हणून पोरं नाक मुरडतात. पण अंगाचं वजन पडल्यावर तो फरक उरत नाही, आणि ग्रीसमुळे धूळ आत जायला वेळ लागतो. सरावाच्या बोर्डाला मी बिनधास्त हीच घालतो.

पावसात चालवू नका. पाटीचे थरही फुगतात. चुकून भिजलाच तर बेअरिंग काढा, रबरी सील पिनेने अलगद उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होणारे खूप आहेत. त्याने गंज सुटेल, पण वंगण म्हणून ते टिकत नाही. नुसतं तेच मारून चालवलं तर आठवडाभरात बेअरिंग किरकिरायला लागतं.

जोडायला बसताना

आधी हत्यारं. स्केटबोर्डचे नट इंची मापाचे असतात. पाटीच्या बोल्टचा नट ३/८, अॅक्सलचा १/२, किंगपिनचा ९/१६. घरातला १३ चा पाना अॅक्सलच्या नटला चालून जातो. किंगपिनला मात्र १४ चा बसत नाही आणि १५ चा कोपरे खातो. तिन्ही मापं असलेलं टी आकाराचं स्केट टूल मिळतं, ते घ्या. दोन पिढ्या टिकतं.

आट्यांचंही तसंच. अॅक्सल आठ मिमीचा असतो म्हणून नट हरवला की लोक हार्डवेअरच्या दुकानातून एम८ चा नट आणतात. तो एक-दोन आटे चढतो आणि अडतो, कारण अॅक्सलचे आटे ५/१६-२४ या इंची मापाचे, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी. मग जोर लावतात आणि अॅक्सलचे आटे मारतात. एका वीस रुपयांच्या नटपायी ट्रक गेलेला मी पाहिलाय. पाटीचे बोल्ट १०-३२ या इंची मापाचे असतात. त्यांची पिच एम५ च्या जवळपास येते, त्यामुळे अडीअडचणीला एम५ चा काउंटरसंक (डोकं पाटीच्या पातळीत बसणारा) अॅलन बोल्ट घालता येतो, मात्र नट त्याच्याच जोडीचा घ्या. दोन्हीकडे नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेला) हवा, साधा नट कंपनाने सुटतो.

सुरुवात ग्रिपटेपपासून. हा काळा खरखरीत कागद ९ बाय ३३ इंचाचा येतो. पाटीच्या मध्यापासून चिकटवत दोन्ही टोकांकडे जा, हवा बाहेर ढकलत. मग कानस घ्या आणि पाटीच्या कडेवर ४५ अंशांत फिरवा. कडेला पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवरून कटर चालवा. कटर खालच्या बाजूने, स्वतःपासून लांब. हे काम पोरांना करू देऊ नका. बोल्टची भोकं खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून उघडा.

ट्रक बसवताना दोन्ही किंगपिनचे नट एकमेकांकडे, म्हणजे पाटीच्या मध्याकडे तोंड करून हवेत. उलटे बसले तर बोर्ड डावीकडे कललं की उजवीकडे जातो. गाडीची स्टेपनी बदलताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळतो तसेच इथले चार आवळायचे. बोल्टचं डोकं ग्रिपच्या पातळीत आलं की थांबा. त्याहून आवळलं तर वरचा थर चेचतो.

बेअरिंग चाकात हातोडीने ठोकू नका. अॅक्सलवर बेअरिंग घाला, वरून चाक तळहाताने सरळ दाबा. टक् असा आवाज येऊन बसतं. मग चाक काढून दुसऱ्या बाजूने तसंच, मधे १० मिमीचा स्पेसर, म्हणजे छोटी नळी, टाकून. तयार बोर्डात हा स्पेसर बऱ्याचदा नसतो. तो आणून घाला, दोन बेअरिंग एका रेषेत राहतात. चाकाच्या दोन्ही बाजूंना पातळ वायसर. नट पूर्ण आवळा, मग पाव फेरा मागे घ्या. चाक धरून हलवल्यावर अगदी जेमतेम प्ले (ढिलेपणा) जाणवला पाहिजे आणि चाक मोकळं फिरलं पाहिजे.

किंगपिनचा नट शेवटी, आणि तो चालवणाऱ्याला विचारून. पोराला बोर्डवर उभं करा, भिंतीला हात लावून डावी-उजवीकडे कलू द्या, त्याला घाबरल्यासारखं झालं की अर्धा फेरा आवळा. पहिल्या तासाभराच्या खेळानंतर सगळे नट पुन्हा एकदा तपासा. नवे बुश दबून बसतात, थोडं सैल होतंच.

हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये पहिल्या ओळीत धरा. ते उरलेल्या पैशात घेतो म्हणणारे घेत नाहीत.

जुनी पाटी निघाली की टाकू नका. टोक झिजलं असलं तरी मधे तडा नसेल तर तिला जुने ट्रक आणि ५८-६० मिमी मऊ चाकं लावली की दूध आणायला जायचा बोर्ड तयार होतो. मोठं चाक वळताना पाटीला घासून बोर्ड जाम होऊ नये म्हणून ट्रक आणि पाटीच्या मधे पाव नाही तर निदान अष्टमांश इंचाची रायझर, म्हणजे उंची वाढवणारी पट्टी, घाला. पाव इंची घातली तर बोल्टही तेवढेच लांब लागतील. मूळचे एक इंची असतील तर सव्वा इंची मागा.